संसारी गाण्याची बाजू

‘जॉन लेनन खरा, पॉल मॅकार्टनी नुसता गोड.’ हे वाक्य मी पन्नास वर्षं ऐकत आलो आहे. कॉलेजच्या कँटीनमध्ये ऐकलं, रेकॉर्ड ऐकायला जमणाऱ्या मित्रांच्या बैठकीत ऐकलं, मुंबईच्या इंग्रजी नियतकालिकांत वाचलं. या विषयावर मी पूर्वीही लिहिलं आहे आणि त्यावरून मित्रांशी अबोलाही धरून झाला आहे. तरी पुन्हा लिहितो, कारण वाक्य चुकीचं आहे आणि अजून चालू आहे.

बीटल्स का फुटले ते इथे सांगत बसत नाही. काय फुटलं तेवढं मात्र सांगायला हवं. लिव्हरपूलला पॉलच्या घरी ही दोन पोरं गिटारी घेऊन समोरासमोर बसत. पॉल डावखुरा, त्यामुळे दोन्ही गिटारींच्या दांड्या एकाच बाजूला जात. आरशात बघितल्यासारखं वाटायचं, असं पॉलनेच पुढे सांगितलं आहे. गाणं कोणीही केलं तरी नाव दोघांचं, हा करार पोरवयातलाच. तो इतका पाळला गेला की १९६९ मधल्या ‘गिव्ह पीस अ चान्स’शी पॉलचा काही संबंध नसताना त्यावरही दोघांची नावं लागली. त्याच वर्षीच्या ‘कोल्ड टर्की’वर प्रथमच एकट्या लेननचं नाव आलं. ‘वुई कॅन वर्क इट आउट’मध्ये पॉलचा आशावाद चालू असताना मध्येच जॉनची घाई घुसते. त्या घुसण्यामुळेच ते गाणं उभं राहतं. समोर बसून ‘हे जमलेलं नाही’ म्हणणारा माणूस १९७० नंतर दोघांनाही उरला नाही. पुढच्या सगळ्या आढाव्यात ही एक गोष्ट धरून ठेवावी.

एप्रिल १९७० मध्ये पॉलची ‘मॅकार्टनी’ आली. बरंचसं ध्वनिमुद्रण लंडनमधल्या त्याच्या राहत्या घरात झालेलं. चार ट्रॅकचं एक यंत्र, मिक्सिंगचं टेबल नाही, माइक थेट यंत्राला जोडलेला, आणि सगळी वाद्यं त्याने स्वतः वाजवलेली. पहिलं गाणं ‘द लव्हली लिंडा’ जेमतेम पाऊण मिनिटाचं आहे. त्याच्या शेवटाला कान द्या. घरातलं दार करकरतं आणि तो आवाज तसाच ठेवलेला आहे. नावाजलेल्या स्टुडिओत सात-आठ वर्षं काढलेल्या माणसाने आपल्या पहिल्या एकट्या रेकॉर्डमध्ये बायको खोलीत येतानाचं दार वाजू दिलं. मला त्यात त्याचा पुढचा सगळा मार्ग दिसतो.

त्याच वर्षी डिसेंबरात जॉनची ‘प्लास्टिक ओनो बँड’ आली. तिची थोरवी मी कधी नाकारलेली नाही. सुरुवातीलाच संथ घंटा, मग आईबापांना मारलेली हाक, आणि बहुतेक गाण्यांत रिंगोचे ड्रम, क्लाउस फोरमनचा बेस, जॉनची गिटार किंवा पियानो, एवढंच. इतकी उघडी रेकॉर्ड त्यापूर्वी कोणा लोकप्रिय गायकाने काढलेली नव्हती. माझं भांडण या रेकॉर्डशी नाही. जखम दाखवली तरच गाणं खरं, असा जो नियम तिच्यावरून काढला गेला त्याच्याशी आहे.

(जॉर्जचा तीन तबकड्यांचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ही तेव्हाचाच. जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांबरोबर बसून गेलेल्या या माणसावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. इथे विषय जोडीचा आहे.)

आणि आता ‘रॅम’. ही माझी रेकॉर्ड. मे १९७१ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आमच्याकडे वर्षभराने पोहोचली. मित्राचा मामा जहाजावर होता, त्याने आणली. पाकिटावर पॉल स्कॉटलंडच्या शेतावर एका मेंढ्याची शिंगं धरून उभा. फोटो लिंडाने काढलेला. आमच्या दादरच्या दोन खोल्यांत ती वाजली तेव्हा आई आत भाकऱ्या थापत होती. पहिली बाजू तिने निमूट ऐकून घेतली. दुसरी लागली, ‘हार्ट ऑफ द कंट्री’ झालं, ‘ईट अॅट होम’ चालू झालं, तेव्हा ती पिठाच्या हातांनी दारात आली. ‘अरे, ही मागे कोण गातेय?’ मी म्हटलं, त्याची बायको. ‘शिकलेली नाही,’ आई म्हणाली, ‘पण त्याच्याबरोबर गाते.’ आणि आत गेली.

लिंडाच्या आवाजाबद्दल इतकं नेमकं मी नंतर कुठे वाचलं नाही. उलट तिची चेष्टाच वाचली. ‘रॅम’वर नाव दोघांचं, पॉल आणि लिंडा मॅकार्टनी. गाण्यांच्या प्रकाशकांनी तर ही बाई गाणी रचूच शकत नाही म्हणून दावा लावला. पण ‘डिअर बॉय’मध्ये एकावर एक रचलेले आवाज ऐका आणि तिचा आवाज मनातल्या मनात काढून टाका. गाणं पोकळ होतं. ‘अंकल अल्बर्ट’मधला पाऊस, टेलिफोनवरचा आवाज, मग एकदम उड्या मारत येणारा अॅडमिरल, ‘मंकबेरी मून डिलाइट’मधला घसा फोडणारा पॉल, ज्याला लोक गोड म्हणतात तोच, ‘रॅम ऑन’मधला तो इवलासा युकुलेले. ही न्यूयॉर्कच्या स्टुडिओत, उत्तम वादक घेऊन, वाद्यवृंद लावून केलेली रेकॉर्ड आहे. तरी तिला घरातला वास आहे. तेव्हाच्या समीक्षकांनी तिला झोडपलं. आता तीच रेकॉर्ड थोर म्हणून जिकडेतिकडे छापून येतं, आणि आधी झोडपणारे त्याबद्दल काही बोलत नाहीत.

जॉनला तिच्यातल्या ‘टू मेनी पीपल’मध्ये टोमणा दिसला; तो होताही. त्याने ‘इमॅजिन’वर ‘हाउ डू यू स्लीप?’ म्हणून सूड घेतला आणि पाकिटात मेंढ्याऐवजी डुकराचे कान धरलेला आपला फोटो घातला. भावाभावांतलं भांडण होतं ते. लोकांनी त्यात पक्ष घेतले आणि अजून सोडलेले नाहीत.

पुढची दोन वर्षं भराभर ओलांडावीत. पॉलच्या नव्या बँडची, विंग्जची, ‘वाइल्ड लाइफ’ आणि जॉनची ‘सम टाइम इन न्यूयॉर्क सिटी’, दोन्ही एकदा ऐकल्या की पुरे. एकीत गाणी अर्धवट, दुसरीत गाण्यांऐवजी पत्रकं. दोन्हींत समोरच्या खुर्चीतला माणूस नाही हे कळतं.

‘बँड ऑन द रन’ मात्र तशी ओलांडता येत नाही. १९७३ मध्ये ध्वनिमुद्रणासाठी नायजेरियात लागोसला निघायच्या ऐन तोंडावर दोन वादक बँड सोडून गेले. तिथे सुरा दाखवून चोरांनी लुटलं, त्यात गाण्यांच्या कच्च्या टेपही गेल्या. उरले पॉल, लिंडा आणि डेनी लेन. पॉल स्वतः ड्रमवर बसला, आठवणीतून गाणी पुन्हा उभी केली, आणि त्यातून विंग्जची सर्वांत भरीव रेकॉर्ड निघाली. ज्याला आयतं मिळालं असं म्हणतात त्या माणसाची ही गोष्ट आहे.

ऑक्टोबर १९७५ मध्ये मुलाचा, शॉनचा, जन्म झाला आणि जॉन घरी बसला. पाच वर्षं मूल सांभाळलं, पाव भाजला. मग नोव्हेंबर १९८० मध्ये बायको योकोबरोबर ‘डबल फँटसी’ आली. विषय काय? बायको, मूल, घर. पाकिटावर दोघांची नावं. दहा वर्षांपूर्वी पॉल जिथे होता तिथे जॉन आला होता. पॉलने संसार गायला की तो उथळ आणि जॉनने गायला की प्रगल्भ, असं कसं? हा प्रश्न मी आमच्या एका नावाजलेल्या समीक्षकांना भर सभेत विचारला होता. त्यांनी विषय बदलला. ज्या भाषेत जात्यावरच्या ओवीला काव्य म्हणतात, त्या भाषेतल्या माणसांनी तरी घरातल्या गाण्याला हलकं म्हणू नये.

८ डिसेंबर १९८०ला न्यूयॉर्कमध्ये तो राहत होता त्या डकोटा इमारतीच्या दाराशी जॉन मारला गेला. त्यानंतर तुलना करणंच अवघड झालं. गेलेल्या माणसाशी कोण स्पर्धा करणार? पॉलने १९८२च्या ‘टग ऑफ वॉर’मध्ये ‘हिअर टुडे’ लिहिलं, एक गिटार आणि चार तंतुवाद्यं घेऊन. त्यात तो जॉनशी बोलतो. पुढे ज्या ज्या वेळी कोणी त्याच्यासमोर बसून नकार दिला, त्या त्या वेळी काम उजळलं. १९८९च्या ‘फ्लॉवर्स इन द डर्ट’साठी एल्व्हिस कॉस्टेलोने गिटार घेऊन समोर बैठक मारली, जुना हॉफनर बेस पुन्हा बाहेर काढायला लावला. २००५ मध्ये निर्माता नायजेल गॉडरिचने त्याची नेहमीची वादकमंडळी बाजूला ठेवली, काही गाणी तोंडावर नापसंत केली; ‘केऑस अँड क्रिएशन इन द बॅकयार्ड’ त्यातून झाली. मधल्या काळातलं बरंच काही मी कपाटात मागे ठेवलं आहे.

आज मुंबई-पुण्यात बीटल्सच्या आठवणींचे कार्यक्रम होतात, तिकिटं संपतात. शेवटी ‘इमॅजिन’ होतं, लोक मोबाइलचे दिवे हलवतात. ‘रॅम’मधलं एक गाणं मला अशा कार्यक्रमात ऐकायला मिळालेलं नाही. मोबाइलवर गाणी क्रम सोडून वाजतात, त्यामुळे ‘रॅम ऑन’ दुसऱ्या बाजूला पुन्हा येतं हे तरुणांना कळतच नाही. मुंबईत काळा घोड्याचं रेकॉर्डचं दुकान, ऱ्हिदम हाउस, २०१६ मध्ये बंद झालं. पाकीट उलटंपालटं करून बघायची जागा गेली.

दिवाळीच्या सुट्टीत त्रेचाळीस मिनिटं काढा. ‘रॅम’ पहिल्या गाण्यापासून, क्रमाने, घरात सगळ्यांना ऐकू येईल अशी लावा. शेवटी ‘द बॅक सीट ऑफ माय कार’ आहे. ते पूर्ण संपेपर्यंत उठू नका.