रस्त्यावरचा खांब आणि खांबावरची पेटी

तालुक्याच्या गावातली एक आळी डोळ्यांपुढे आणा. सकाळची वेळ आहे. नळावर गर्दी आहे. इतक्यात एक टेंपो येऊन थांबतो. दोन माणसे उतरतात. दिव्याच्या खांबाला शिडी लावतात. वर चढून एक करड्या रंगाची पेटी बसवतात, तिला तार जोडतात आणि तासाभरात निघून जातात. पेटी तिथेच राहते.

संध्याकाळी साक्षरतेच्या वर्गात हाच विषय निघतो.

"मास्तर, आमच्या दारापुढच्या खांबावर ते काय हो बसवलंय?" आत्याबाई विचारतात. "कोणी म्हणतं क्यामेरा आहे. कोणी म्हणतं त्यातनं विषारी किरण येतात. कोणी म्हणतं नगरपालिकेत पैसे चारले. खरं काय मानायचं?"

मास्तर म्हणतात, "आत्याबाई, तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या. पण जिथं विचारायला पाहिजे, तिथं कोणी विचारलं का?"

वर्गात कोणीच बोलत नाही. कारण कोणीच विचारलेले नसते.

चला तर, आज आपण या पेटीची हकिकत समजून घेऊ.

ही पेटी कसली?

आपण मोबाइलवर बोलतो तेव्हा आपला आवाज तारेतून जात नाही. तो लहरींच्या रूपाने हवेतून जातो. जवळच्या मनोऱ्यावरचे यंत्र त्या लहरी पकडते आणि पुढे पाठवते. आपल्या देशात मोबाइलवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली या दोन शहरांमध्ये झाले. तेव्हा मोबाइलवर फक्त बोलत. आज त्यावरून चित्रे जातात, पैसे जातात, मुलांचे धडे येतात, बाजारभाव कळतात. सगळ्यांचे काम एकाच वेळी चालते.

असे पाहा. साऱ्या गावाला एकच विहीर असली की काय होते? रांग लागते. घागर भरायला वेळ लागतो. मग गाव काय करते? आळीआळीत नळ बसवते. मोबाइलचे तसेच आहे. उंच मनोरा म्हणजे गावची विहीर. खांबावरची पेटी म्हणजे आळीतला नळ. तिला 'स्मॉल सेल' म्हणतात, म्हणजे मोबाइलचे छोटे केंद्र. २०२२ सालच्या सरकारी नियमांनी तिची व्याख्या केली आहे. कमी शक्तीचे, दहा मीटरपासून दोन किलोमीटरपर्यंतच पोचणारे यंत्र, ते स्मॉल सेल.

१ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे 'फाइव्ह जी' ही नवी सेवा सुरू झाली. तिच्यातल्या काही लहरी दूरवर जात नाहीत. भिंत आडवी आली की दुबळ्या होतात. म्हणून पेट्या जवळजवळ लागतात. त्यासाठी नवे मनोरे कुठे उभारणार? दिव्याचा खांब तयारच असतो. उंची आहे, विजेची तार जवळ आहे, आणि खांब आळीच्या मधोमध आहे. कंपनीची नजर खांबावर जाते ती अशी.

पण खांब कोणाचा?

खांब कंपनीचा नाही. तो बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा असतो, काही ठिकाणी वीज कंपनीचा. पालिकेचा खांब म्हणजे आपल्या घरपट्टीतून उभा राहिलेला खांब. ज्याला त्यावर धंद्याची पेटी टांगायची आहे, त्याने आधी विचारले पाहिजे. हे कोणालाही पटेल.

हा प्रश्न आजचा नाही. इंग्रजांच्या राज्यात गावोगाव तारायंत्राचे खांब उभे राहिले. तेव्हा १८८५ साली तारेचा कायदा झाला. त्यात एक गोष्ट लिहिली होती. पालिकेच्या ताब्यातल्या जागेत खांब रोवायचा तर पालिकेची परवानगी घ्यावी. पालिकेने खर्चाची भरपाई मागावी. काम कधी आणि कसे करायचे याच्या अटी घालाव्यात. पुढे तारा गेल्या, लहरी आल्या, पण प्रश्न तोच राहिला. रस्ता सगळ्यांचा, काम एकाचे, मग मेळ कसा घालायचा?

दोन्ही बाजूंची तक्रार

कंपन्यांची तक्रार अशी की, अर्ज कचेरीत महिनोन् महिने पडून राहतो. एका गावाची फी एक, दुसऱ्या गावाची दहापट. 'नाही' म्हणतात, पण कारण सांगत नाहीत.

पालिकांची तक्रार अशी की, रस्ता खणतात आणि तसाच टाकून जातात. तारा लोंबतात. लोक आमच्या दारी येऊन भांडतात. कंपनीला नफा आणि आम्हाला शिव्या!

दोन्ही तक्रारींत खरेपणा आहे. म्हणून सरकारने नियम केले. पहिले नियम २०१६ साली आले. अर्जाचा निकाल साठ दिवसांत द्यावा, असे त्यांत ठरले. निकाल दिला नाही, तर परवानगी मिळाली असे धरावे. नकार द्यायचा असेल तर अर्जदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि कारण लेखी द्यावे.

२०२२ साली या नियमांत दिव्याच्या खांबांची भर पडली. खांबावर छोटे केंद्र बसवायचे, तर दर खांबामागे शहरात वर्षाला ३०० रुपये आणि खेड्यात १५० रुपये, असा दर ठरला. खाजगी इमारतीवर केंद्र बसवायचे असेल तर मालकाशी करार करावा आणि पालिकेला आधी लेखी कळवावे. इमारतीला तो भार पेलेल, असा इंजिनिअरचा दाखला जोडावा.

पुढे २०२३ साली संसदेने दूरसंचाराचा नवा कायदा केला. १८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो झाला. जागा वापरण्याचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. त्यांचे सूत्र तेच आहे. निकाल ठरल्या मुदतीत द्यावा, फी ठरल्या मर्यादेत घ्यावी, नकाराचे कारण लिहावे.

"म्हणजे पालिकेचे हातच बांधले की!" वर्गातला एक तरुण म्हणतो.

"थोडे बांधले, थोडे मोकळे ठेवले," मास्तर उत्तर देतात. "खांब मजबूत आहे का, हे पालिका तपासू शकते. येणाऱ्याजाणाऱ्याला धोका होऊ नये, अशी अट घालू शकते. रस्ता खणला तर तो पहिल्यासारखा करून मागू शकते. पण 'आम्हाला नको वाटतं' एवढंच म्हणून नकार देता येत नाही. अर्ज फडताळात ठेवून झोपताही येत नाही."

कराच्या बाबतीतही ओढाताण झाली. मोबाइलच्या मनोऱ्यावर मालमत्ता कर बसवता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. अहमदाबाद महापालिकेचा तो खटला होता. लहान गावांना हे उत्पन्न मोलाचे. मग २०२३ चा कायदा आला. मनोरा, तारा, यंत्रे हे जाळे ज्या जागेवर उभे असते, त्या जागेचा भाग ते धरू नये. जागेच्या मालमत्ता करासाठीही धरू नये, असे त्यात म्हटले आहे. सेवा लवकर आणि स्वस्त पसरावी, हा त्यातला हेतू. पण तिजोरी पालिकेची आटते, हेही खरे.

अमेरिकेतही हाच तंटा

असा झगडा आपल्याकडेच चालतो असे समजू नका. अमेरिकेतल्या शहरांतही खांबावर पेट्या आल्या आणि तंटा झाला. २०१८ साली तिथल्या केंद्रीय दळणवळण आयोगाने हुकूम काढला. एका छोट्या केंद्रामागे वर्षाला २७० डॉलरपर्यंत फी रास्त धरावी. त्याहून जास्त हवी, तर शहराने आपला खरा खर्च दाखवावा. जुन्या खांबावर पेटी बसवायची असेल तर साठ दिवसांत, नवा खांब उभारायचा असेल तर नव्वद दिवसांत निकाल द्यावा.

शहरांना हे आवडले नाही. पोर्टलंड आणि इतर अनेक शहरे न्यायालयात गेली. ऑगस्ट २०२० मध्ये निकाल लागला. फी आणि मुदत यांचे नियम न्यायालयाने कायम ठेवले. पण पेटीच्या आणि खांबाच्या दिसण्याबद्दल शहरे ज्या अटी घालतात, त्यांवर आयोगाने घातलेली काही बंधने न्यायालयाने रद्द केली. म्हणजे शहरे काही हरली, काही जिंकली. श्रीमंत देशातसुद्धा आपल्या दारापुढच्या खांबाबद्दल बोलायला लोकांना कचेरीची पायरी चढावी लागली.

किरणांची भीती

आता आत्याबाईंच्या मनातली खरी भीती. या पेटीने रोग होतो का?

मोबाइलच्या लहरी रेडिओच्या लहरींच्याच जातीच्या. एक्स-रेच्या किरणांसारख्या त्या नव्हेत. अंतर वाढले की त्यांचा जोर झपाट्याने घटतो. दुप्पट लांब गेलो तर जोर चौथाई होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात घातल्या. याचा अर्थ, पुरावा तोकडा आहे. अपाय सिद्ध झाला नाही आणि शंका पुरती मिटलीही नाही. म्हणून मर्यादा घालतात. आपल्या सरकारने सप्टेंबर २०१२ पासून केंद्रांच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली.

ही मर्यादा गावाने ठरवायची नसते. ती केंद्र सरकार ठरवते आणि दूरसंचार खाते तपासते. शंका असेल तर फी भरून मोजणी करून घेता येते. २०१७ साली सुरू झालेल्या 'तरंग संचार' या सरकारी संकेतस्थळावर त्याची सोय केली आहे. म्हणून घाबरूही नये आणि डोळेही मिटू नयेत. मोजून घ्यावे.

आणि एक लक्षात ठेवा. डोक्यावरची पेटी दिसते म्हणून आपण तिला भितो. पण लोंबणारी उघडी तार, गंजलेला खांब, सैल झालेला खिळा यांनी माणूस जागच्या जागी दगावतो. ते पाहणे मात्र पालिकेचेच काम आहे.

मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट, लेखी विचारावे. पेटी कोणाची? परवानगी कोणत्या तारखेची? अटी कोणत्या? बिघाड झाला तर कोणाला कळवायचे? तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. हा कायदा २००५ सालचा आहे. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे.

दुसरी गोष्ट, खेड्यात राहत असाल तर ग्रामसभेला जावे. १५ ऑगस्टला किंवा २ ऑक्टोबरला झेंडा पाहून घरी परतू नये. सभेत बसावे. ठराव वाचून दाखवायला सांगावे.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. 'तुमच्या जागेवर मनोरा बसवतो, महिना इतके हजार भाडे देतो, आधी एवढे पैसे भरा,' असा निरोप आला तर एक पैसाही देऊ नये. जागा वापरणारा भाडे देतो, घेत नाही. हे लबाड लोक सरकारी शिक्क्याचा कागदही दाखवतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने स्वतः बजावले आहे की, मनोऱ्यासाठी आम्ही कोणालाही ना हरकत दाखला देत नाही. असल्या कागदापायी कष्टाचे पैसे गेलेली माणसे पुष्कळ आहेत. फसगत झाली तर लाजू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

शेवटी आत्याबाईंचे काय झाले ते सांगतो. त्यांनी वर्गात बसून स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. चार ओळींचा. अक्षर वाकडेतिकडे, पण नाव ठसठशीत. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले. पोच घेतली. महिना भरत आला तेव्हा उत्तर आले. परवानगी होती. पैसे चारल्याचा प्रश्न नव्हता. फी भरल्याची पावती जोडलेली होती. आणि खाली एक अट होती. 'तारा नळीतून नेऊन खांबाला बांधाव्यात.'

आत्याबाईंनी घरी येऊन वर पाहिले. तार मोकळीच लोंबत होती. खाली मुले गोट्या खेळत होती.

त्या कागद घेऊन पुन्हा कचेरीत गेल्या. साहेबांपुढे बोट ठेवून ती ओळ त्यांनीच वाचून दाखवली. चौथ्या दिवशी शिडीवाली माणसे पुन्हा आली आणि तार नळीत गेली.

अट कागदावर आधीपासून होती. ती वाचणारे कोणी नव्हते, एवढेच.