खारे पाणी आणि युरेनियमचा प्रवास

अंजनगाव सुर्जीहून दक्षिणेस दर्यापूरच्या रोखाने निघाले म्हणजे गाविलगडच्या पायथ्याची गोड्या विहिरींची जमीन हळूहळू मागे पडते आणि पूर्णेच्या खोऱ्यातला तो मुलूख लागतो, ज्यास अवघा वऱ्हाड खारपाणपट्टा म्हणून ओळखतो. तेथे विहिरीचे पाणी पिकास दिले तर काळी जमीन चोपण होते आणि पिण्यासाठी शहानूर धरणाच्या नळाची वाट पाहावी लागते. हे क्षार शेतकऱ्याचे वैरी खरेच. परंतु क्षारांमुळे पाण्याच्या अंगी केवढे सामर्थ्य येते हे जाणावयाचे, तर भूगर्भात खोलवर, उष्ण व तीव्र खाऱ्या द्रवांत युरेनियम कसे विरघळते, हे समजून घेतले पाहिजे.

युरेनियम वाटते तितके दुर्मीळ नाही. भूकवचाच्या दर टन खडकात ते सरासरी पावणेतीन ग्रॅम असते. ग्रॅनाइटात त्याहून अधिक, तर दख्खनच्या काळ्या पाषाणात पुष्कळ कमी. असे विखुरलेले द्रव्य एके ठिकाणी साचून त्याची खाण बनते, ती बहुधा पाण्याच्याच वाहतुकीने. चतुःसंयुजी अवस्थेतले युरेनियम ऑक्सिजनशी घट्ट बद्ध होऊन खडकात स्थिर राहते. परंतु ऑक्सिजनयुक्त पाण्याच्या संसर्गाने ते षट्संयुजी झाले, की दोन ऑक्सिजन अणूंच्या मध्ये युरेनियम असलेला युरेनिल आयन निर्माण होतो आणि तो पाण्याबरोबर चालू लागतो.

मात्र या प्रवासास परवाना लागतो, आणि तो देतात पाण्यातले ऋण आयन, जे युरेनिलला सभोवार वेढून त्याचा जटिल आयन बनवितात. थंड, अल्कधर्मी भूजलात हे काम कार्बोनेट करते. म्हणूनच पंजाब-राजस्थानकडे ज्या विहिरींत बायकार्बोनेट जास्त, तेथे युरेनियमही जास्त आढळण्याचा संभव असतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचविली आहे. ती पाळली जाते की नाही, हे जिभेस लागणाऱ्या खारटपणावरून नव्हे, तर प्रयोगशाळेतल्या तपासणीवरूनच ठरते.

खोल भूगर्भात कारभार बदलतो. साध्या तापमानास पाण्याचे रेणू प्रत्येक आयनास इतके घट्ट धरून ठेवतात की क्लोराइडचा युरेनिलशी संबंध दुर्बळच राहतो. पण पाण्याचा परावैद्युतांक, जो २५ अंशांस सुमारे ७८ असतो, तो ३०० अंशांस २० च्या आसपास उतरतो, ती पकड सैल होते, आणि विरुद्ध भाराचे आयन एकमेकांस बिलगू लागतात. त्यात पाणी आम्ल आणि मिठाने संपृक्त असले, तर क्लोराइडच युरेनियमचा मुख्य वाहक होते.

कॅनडातील अथाबास्का खोऱ्यात जगातील अतिसमृद्ध युरेनियम-साठे आहेत. तेथील स्फटिकांत कोंडून राहिलेल्या सूक्ष्म द्रवबिंदूंच्या परीक्षणावरून असे दिसते, की ते साठे घडविणारे द्रव समुद्राच्या पाण्याहून कितीतरी पट खारट, आम्ल, आणि साधारणतः १०० ते २०० अंश उष्ण होते. असा द्रव ग्रॅफाइट किंवा फेरस लोह असलेल्या खडकास भेटला, की ऑक्सिडीकरण उलट फिरते, युरेनियम पुन्हा चतुःसंयुजी होते आणि काळ्या युरॅनिनाइटच्या रूपाने तेथेच ठाण मांडते.

परंतु चतुःसंयुजी युरेनियम सर्वकाळ अचल असते, हा समजही आता सोडावा लागेल. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत २५० ते ३५० अंशांच्या आम्ल, खाऱ्या द्रवांत ते चार क्लोराइडांशी जोडले जाऊन विरघळते, असे सिद्ध झाले. अणुभट्टीतील वापरलेले इंधन बहुतांशी याच चतुःसंयुजी युरेनियमचे ऑक्साइड असते, आणि ते हजारो वर्षे खडकांत गाडून ठेवण्याचा विचार करणाऱ्यांनी, पाणी किती आहे याइतकीच, ते किती उष्ण, किती आम्ल व किती खारे होऊ शकेल याचीही चौकशी केली पाहिजे. कारण ज्या द्रव्याची जबाबदारी आपण पुढील पिढ्यांच्या स्वाधीन करणार, त्याच्या वाटा आधी आपणच ओळखून ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.