कोबी, सफरचंद आणि चिमूटभर मीठ

"आई, कोबी आणि सफरचंद एकत्र शिजवतात का गं?"

मी कणीक मळत होते. चिन्मयच्या तोंडून स्वयंपाकातला प्रश्न म्हणजे आमच्याकडे नवलच. भूक लागली की डबे उघडायचे, झाकणं तशीच टाकायची आणि निघून जायचं, एवढाच त्याचा स्वयंपाकघराशी संबंध. मी विचारलं, "कोण शिजवतं असलं?" आतून उत्तर आलं, "माझा माणूस. कोबी, सफरचंद आणि मीठ. रस्सा होतो त्याचा."

त्याचा माणूस म्हणजे कॉम्प्युटर गेममधला. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरात असा एखादा 'माणूस' राहायला आला असेल. त्याच्याविषयी आज लिहायचंय. आणि आधीच कबूल करते, मी त्याला घराबाहेर काढायला निघाले होते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बचत गटाची मीटिंग आटपून रात्री नऊला घरी आले, तर ताट तसंच झाकलेलं. दोन हाका मारल्या. "पाच मिनिटं." अर्ध्या तासाने पुन्हा "पाच मिनिटं." माझं डोकं फिरलं. गेले आणि सरळ मेन स्विच पाडला. सगळं घर अंधारात. सासूबाई देवाचं नाव घ्यायला लागल्या. चिन्मय काही बोलला नाही. त्याने खोलीचं दार लावून घेतलं आणि तो न जेवताच झोपला. तासाभराचा खेळ साठवायचा राहून गेला होता, हे मला नंतर कळलं. भांडला असता तर बरं वाटलं असतं. हा मुलगा भांडत नाही, गप्प होतो. कधीपासून, ते पुढे सांगते.

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मीच स्टूल घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, दाखव तरी आहे काय.

गेमचं नाव स्कायरिम. अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीने ११ नोव्हेंबर २०११ला बाजारात आणलेला. 'एल्डर स्क्रोल्स' नावाच्या मालिकेतला हा पाचवा. स्कायरिम हा एक काल्पनिक मुलूख आहे. उत्तरेला बर्फ, मध्ये मोकळी माळरानं, एका कोपऱ्यात पिवळ्या-तांबड्या पानांची जंगलं. गावं, बाजार, गुहा, आकाशात ड्रॅगन. आपला नायक कुठल्याही दिशेला चालत सुटू शकतो, कथा पुढे नेलीच पाहिजे अशी सक्ती नाही. मारामारी, रक्तपात भरपूर आहे. अमेरिकेत तो सतरा वर्षांवरच्यांसाठी ठरवलाय, युरोपात अठरा. घरात लहान मूल असेल तर हे लक्षात ठेवा.

पण मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मूळ गेममध्ये या नायकाला भूकच लागत नाही! झोप लागत नाही, थंडी वाजत नाही. बर्फाच्या डोंगरावर उघड्या अंगाने हिंडला तरी शिंक येत नाही. खाणं आहे, पण ते औषधासारखं. लढाई चालू असताना मध्येच थांबून पंचवीस चीजचे गोल गट्ट करायचे, की जखमा बऱ्या! मी म्हटलं, "हा तर अगदी आपल्या घरातल्या पुरुषांसारखा. पोट आपोआप भरतं, कपडे आपोआप वाळतात." चिन्मय त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

हे खटकलं ते खेळणाऱ्यांनाच. कंपनीने २०१२च्या फेब्रुवारीत गेममध्ये फेरफार करायचं साधन सगळ्यांना फुकट दिलं. या फेरफारांना म्हणतात मॉड. तयार ब्लाऊज आणून आपण बाह्या उसवतो, टक्स घालतो, आपल्या मापाचं करून घेतो, तसंच. कुणी झाडं सुंदर केली, कुणी नवी गावं वसवली. आणि काहींनी चक्क भूक, तहान, झोप आणि थंडी आणली. 'फ्रॉस्टफॉल' नावाचं एक मॉड खूप गाजलं. त्यात पावसात भिजलं किंवा पाण्यात पडलं की अंग ओलं राहतं आणि थंडी झपाट्याने चढते. मग लाकडं गोळा करा, शेकोटी करा, तंबू ठोका. पुढे २०१७मध्ये कंपनीने स्वतःच 'सर्व्हायव्हल मोड' काढला आणि २०२१च्या नोव्हेंबरात गेमच्या नव्या आवृत्तीबरोबर तो सगळ्यांना मोफत देऊन टाकला.

तो चालू केला की नायकाची सगळी ऐट उतरते. नकाशावर बोट ठेवून क्षणात दुसऱ्या गावी पोचणं बंद. चालत जा, नाहीतर भाडं देऊन घोडागाडी करा. ओझं कमी उचलता येतं, बाणांनाही वजन असतं. जखमा आपसूक भरत नाहीत. कितीही पराक्रम करा, पलंगावर नीट झोपल्याशिवाय पुढची पायरी मिळत नाही. गरम सूप प्यायलं की ऊब येते. कच्चं मांस खाल्लं की पोट बिघडू शकतं.

आणि एक गोष्ट मला फार पटली. उपाशी राहिला म्हणून हा माणूस लगेच मरत नाही. पडद्यावर त्याच्या ताकदीच्या पट्ट्या असतात, त्यांचा टोकाचा भाग हळूहळू काळा पडत जातो. भुकेने दम कमी होतो, जागरणाने जादू कमी होते, थंडीने जीवच आखडत जातो. चालतो, लढतो, सगळं करतो, पण आतून अर्धा. आमच्या हिमोग्लोबिन तपासणीच्या शिबिरांत मी अशा कितीतरी बायका पाहते. रक्त आठ, नाहीतर साडेसात. "काही होत नाही हो ताई, जरा दम लागतो एवढंच." शेतावर जातात, पाणी भरतात, सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर खातात. ती काळी पडलेली पट्टी त्यांच्या डोक्यावर दिसत असती तर घरातल्यांनी काय केलं असतं, असं त्या रात्री वाटून गेलं.

चिन्मयकडून थोडं व्यवहाराचंही शिकले. ज्यांच्या घरी हा गेम आहे त्यांनी मुलांना जरूर सांगावं. मॉड दिसलं की घेतलं असं करू नये. एक तर काही मॉड अगदी अश्लील असतात, तेव्हा मुलगा काय उतरवून घेतोय यावर लक्ष असू द्या. दुसरं, एकाच कामाची दोन मॉड घातली की गेम गोंधळतो. कंपनीचा सर्व्हायव्हल मोडही चालू आणि फ्रॉस्टफॉलही चालू, म्हणजे थंडी मोजणारे दोघं. चिन्मयचा गेम आठवडाभर याच कारणाने धडाधड बंद पडत होता. शेवटी त्याने थंडीसाठी फ्रॉस्टफॉल ठेवलं, भुकेसाठी वेगळं मॉड घेतलं आणि कंपनीचं बंद केलं. कुठलं मॉड आधी, कुठलं नंतर यालाही क्रम लागतो. तेल तापायच्या आधी मोहरी टाकली तर काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि खेळ अर्ध्यावर असताना मॉड काढून टाकू नये. त्याचे धागे साठवलेल्या खेळात अडकून राहतात.

ही सगळी मॉड बहुतेक फुकट मिळतात. २०१५च्या एप्रिलमध्ये ती विकायची सोय सुरू झाली होती. त्यात करणाऱ्याच्या हातात किमतीचा जेमतेम पाव हिस्सा पडणार होता. खेळणाऱ्यांनी असा गदारोळ केला की काही दिवसांतच ती बंद करावी लागली. चिन्मयला हे योग्य वाटतं. मला मात्र नाही. हौसेने केलेल्या कामाचे पैसे कसले मागायचे, हे वाक्य आमच्या गटातल्या पापडवाल्या बायकांनी आयुष्यभर ऐकलंय. पण तो वाद पुन्हा कधीतरी.

त्याने मला एका आजींचे व्हिडिओही दाखवले. शर्ली करी, अमेरिकेतल्या, जन्म १९३६चा. म्हातारपणी या गेमच्या अशा नादी लागल्या की जगभर 'स्कायरिमवाल्या आजी' म्हणून प्रसिद्ध झाल्या. प्रेक्षकांना नातवंडं म्हणतात. चाहत्यांनी २०२२मध्ये त्यांच्याच आवाजात एक मॉड केलं, त्यात त्या नायकाची सोबतीण म्हणून बरोबर चालतात. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं आहे बाई. गुडघे दुखत नाहीत तिथे."

असे आठ-दहा दिवस गेले. मी भाजी निवडायला त्याच्या खोलीत बसू लागले. एका रात्री त्याचा माणूस उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून चालला होता. पाय घसरला आणि तो बर्फाच्या पाण्यात पडला. पडद्याच्या कडा गोठल्यासारख्या झाल्या. मी घाबरून म्हटलं, "अरे, त्याला काहीतरी खायला घाल!"

"नाही," चिन्मय शांतपणे म्हणाला. "आधी अंग कोरडं करायचं. मग खायचं. तूच सांगितलं होतंस माळ्यावर."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१चा पूर आमच्या घरात शिरला तेव्हा चिन्मय चौदा वर्षांचा होता. पहाटे पाणी जोत्याला लागलं आणि बघता बघता खिडक्यांवर गेलं. आम्ही चौघं माळ्यावर. सासूबाई थडथड कापत होत्या. बिस्किटांचा एक पुडा होता, चिन्मयने तो आधी आजीपुढे धरला. मी म्हटलं होतं, आधी ओलं लुगडं काढ तिचं, गोधडीत गुंडाळ, मग बिस्कीट. त्यानेच आजीचे पाय चोळले, रात्रभर. पाणी ओसरल्यावर मी कामाला जुंपून घेतलं. चिखल काढणं, धान्याची किटं वाटणं, याद्या करणं. गावभर लोकांना विचारत फिरले, "तुम्हाला काय लागतं?" घरातल्या पोराला काय लागतं, ते विचारायचं राहून गेलं. त्या रात्रीबद्दल तो कधीच बोलला नव्हता. मला वाटायचं, लहान होता, विसरला.

पडद्यावर त्याने लाकडं मांडली, शेकोटी पेटवली. ओला माणूस तिच्यापुढे उभा राहिला. मी विचारलं, "मग हा थंडीचा त्रास मुद्दाम का ओढवून घेतोस? मूळ गेममध्ये वाजत नव्हती ना थंडी?"

तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "इथे काय करायचं ते मला माहीत असतं. जाळ केला की तो बरा होतो."

त्या रात्री आम्ही दोघं दीड वाजेपर्यंत बोलत बसलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून बरं.

परवा त्याला एक नवं काम मिळालं. सात हजार पायऱ्यांच्या डोंगरावर एक मठ आहे, तिथे मौनी साधू राहतात. पायथ्याच्या गावातला क्लिमेक नावाचा माणूस त्यांच्यासाठी सुके मासे, खारवलेलं मांस वर पोचवत असतो. आता त्याला ती चढण झेपत नाही, म्हणून तो ती पिशवी नायकाकडे देतो. एवढे सिद्ध पुरुष, पण शिधा कुणीतरी पाठीवर वाहून न्यावाच लागतो! मला हा क्लिमेक फार आवडला. वर जायच्या वाटेवर हिमवादळ आणि एक पांढरा राक्षस आहे म्हणे. सासूबाई दोनदा विचारून गेल्या, "पोचला का रे वर?"

साडेनऊ झाले होते. मी ताटं घेतली. हाक मारावी की नाही या विचारात होते, तेवढ्यात तोच आतून म्हणाला, "आई, तंबू ठोकून याला झोपवतो आणि आलोच. तोवर आमटी गरम करशील?"

मी म्हटलं, "तू ये आणि तूच कर. गॅस कुठे असतो, ते माहितीये ना?"