फ्लॅशला छत्री कशाला?

आमच्या घरी एक फोटो आहे. थोरल्या आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी मी काढलेला. आत्या पाटावर बसली आहे, अंगावर शालू, समोर औक्षणाचे तबक; आणि चष्म्याच्या जागी दोन पांढऱ्या टिकल्या! मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. फोटो पाहून आत्या म्हणाली, "अरे, ही मी की माझे भूत?" सगळे हसले. मीही हसलो. पण पुढच्याच चैत्रात आत्या गेली, आणि तिचे डोळे दिसतील असा त्या दिवशीचा एकही फोटो सापडेना. तेव्हापासून मी फ्लॅशच्या मागे लागलो.

चूक माझीच होती. चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या फ्लॅशचे तोंड ते केवढे? जेमतेम चार बोटे. एवढ्याशा तोंडातून येणारा उजेड म्हणजे वैशाखातले ऊनच. सूर्य प्रचंड खरा; पण आपल्याला दिसतो टिकलीएवढा, म्हणून सावल्या कडक. तोच ढगाआड गेला की अवघे आभाळ दिवा होते आणि सावल्या विरतात. चेहऱ्याच्या जागेवरून दिवा जितका मोठा दिसेल, तितका उजेड मऊ. सारे शास्त्र एवढेच!

हे कळण्यापूर्वी मी फ्लॅशवर घालायची प्लॅस्टिकची पांढरी टोपी घेतली. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत ती बरी चालली, कारण उजेड चहूकडे जाऊन भिंतींवरून परत येई. अंगणात मात्र तो परत कोण पाठवणार? तिथे टोपी नुसताच उजेड खाई.

फुकटचा उपाय म्हणजे घराचे छत. फ्लॅशचे डोके वर वळवा. पांढरे, बुटके छत असेल तर तेच मोठा दिवा बनते. परंतु कापडी मांडवात हा प्रयोग करू नका. मी एकदा पिवळ्या मांडवाखाली केला, आणि हळद उतरली तरी नवरी पिवळीच राहिली!

मग आली छत्री. पांढऱ्या, अर्धपारदर्शक कापडाची, चाळीस इंची. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून स्टँडवर लावायचा आणि छत्रीतून आरपार सोडायचा. हल्ली तो बिनतारी खुणेने उडतो. छत्री स्वस्त, काखोटीला मारून नेता येते. दोष दोन: उजेड साऱ्या खोलीभर सांडतो, आणि वारा आला की स्टँडसकट लोळण घेते. उजेड हवा तिथेच पाडायचा तर सॉफ्टबॉक्स घ्यावा. बाजू काळ्या, तोंडाला पांढरे कापड. मागची भिंत काळोखात ठेवून चेहरा तेवढा उजळता येतो. मात्र तो जोडेपर्यंत पाहुणे जेवायला बसतात.

काहीही घेतलेत तरी ते निम्माअधिक उजेड गिळते. म्हणून दिवा जवळ आणा. अंतर निम्मे केले की उजेड सुमारे चौपट होतो, आणि मऊही होतो. तीच छत्री पंधरा फुटांवर नेली, तर पुन्हा टिकली! घोळक्याच्या फोटोला मात्र थोडे मागे सरावेच लागते. नाहीतर जवळचे काका पांढरे आणि टोकाचे मामा काळे.

गेल्या दिवाळीत पाडव्याला धाकट्या आत्याचा फोटो काढला. तिलाही चष्मा. भाच्याच्या हाती छत्री दिली, तीन फुटांवर, डोक्याहून उंच आणि जरा बाजूला, म्हणजे काचेवरची चकाकी कॅमेऱ्याकडे न येता खाली जाते. आत्या वर पाहत म्हणाली, "घरात छत्री कशाला रे? पाऊस पडतोय का?" आणि स्वतःच हसली. त्याच क्षणी मी बटण दाबले.

फोटोत तिचे डोळे दिसतात. थेट थोरलीसारखे.