चेकअपचं पॅकेज घेतलं, पण रिपोर्ट कोणाला दाखवणार?

आजकाल एका फोनवर रक्त घ्यायला माणूस घरी येतो आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर मिळतो. त्यात दोन-चार आकडे लाल दिसतात. पुढे काय? अनेक घरांत रिपोर्ट मोबाइलमध्येच पडून राहतो, कारण तो कोणाला दाखवायचा हेच ठरलेलं नसतं.

आजार सुरुवातीलाच पकडण्यासाठी तपासणी हवीच, पण तुम्हाला ओळखणारा डॉक्टरही तितकाच हवा.

चांगल्या डॉक्टरच्या चार खुणा

अमेरिकेतील तज्ज्ञ डॉ. बार्बरा स्टारफिल्ड यांनी चांगल्या प्राथमिक आरोग्यसेवेची चार वैशिष्ट्यं सांगितली होती. काहीही दुखलंखुपलं की आधी तिथे जाता यावं. वर्षानुवर्षं डॉक्टर तोच असावा. नेहमीच्या बहुतेक गरजा तिथेच भागाव्यात. आणि स्पेशालिस्टकडे पाठवलं, तरी सगळ्या उपचारांचा मेळ त्यानेच ठेवावा.

एका गावाचा अनुभव

ब्रिटनमधील वेल्समध्ये ग्लिनकॉरुग हे खाणकामगारांचं गाव होतं. तिथे डॉ. ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी 1960 च्या दशकात एक साधी सवय लावून घेतली. पेशंट खोकल्यासाठी येवो की पाठदुखीसाठी, त्याचं ब्लडप्रेशर मोजायचंच. ज्यांचं वाढलेलं आढळलं, त्यांच्यावर त्यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. 25 वर्षांच्या कामाचा आढावा 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. अशी मोहीम नसलेल्या शेजारच्या गावापेक्षा इथे 65 वर्षांच्या आतले मृत्यू 28 टक्क्यांनी कमी होते. मोजण्याचं यंत्र साधंच होतं, पण डॉक्टर तोच होता.

आपल्याकडे काय सोय आहे?

सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात 30 वर्षांवरील व्यक्तींची ब्लडप्रेशर आणि शुगरची तपासणी होते. तोंडाच्या, तसंच महिलांमध्ये स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीही तपासणीची सोय आहे. त्यासाठी आशाताई घरोघरी जाऊन तंबाखूची सवय, कमरेचा घेर, घरातले आजार यांची माहिती घेतात. गर्भाशयमुखाची तपासणी म्हटलं की अनेक जणी संकोचतात. अशा वेळी रोजच्या ओळखीची आशाताई सोबत असेल तर पाऊल पुढे पडतं.

तुम्ही काय कराल?

* घरासाठी जवळचा एकच डॉक्टर किंवा एकच केंद्र ठरवा.
* प्रत्येकाची वेगळी फाइल ठेवा. बदली झाली, दुसऱ्या राज्यात गेलात, तर फाइल सोबत न्या आणि नवीन डॉक्टर आजारी पडण्याआधीच शोधा.
* सर्दीतापासाठी गेलात तरी विचारा, ‘‘माझ्या वयाला कोणती तपासणी, कोणती लस बाकी आहे?’’
* आईवडील किंवा भावंडांना मधुमेह, हार्ट अटॅक, कॅन्सर झाला असेल तर आवर्जून सांगा.
* पॅकेज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरज नसलेल्या टेस्टमुळे खर्च आणि काळजी दोन्ही वाढतात.

मोबाइलमधला तो जुना रिपोर्ट आजच उघडा आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून या.