नाणेघाटातला मुक्काम आणि न प्यायलेलं पाणी

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी वस्तीतल्या बारा मुली आणि आम्ही चौघी बाया नाणेघाट चढायला निघालो. वैशाखऱ्याच्या पुढे एसटीतून उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. उशीरच झाला होता. कल्याण बंदराचा माल याच वाटेने जुन्नरला जायचा. जुन्नरभोवतीची बहुतेक लेणी बौद्ध, आणि तिथल्या शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटलंय. लेणं कोरायचं तर आधी पाण्याची सोय, हे त्या लोकांना कळत होतं.

अर्ध्या चढावर नववीतली एक मुलगी मटकन बसली. चेहरा पांढराफटक, अंगाला गार घाम, मळमळ. बाटली मात्र काठोकाठ भरलेली.

"ताई, पाणी प्यायलं की लागते. मग इथं जायचं कुठं?"

तिला सावलीत आडवं केलं, पाय दगडावर उंच ठेवले, ओढणी सैल केली. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा) घालून घोटघोट पाजलं. ती नीट बोलत होती म्हणून थांबलो. अंग भाजत असतं, बोलणं बरळल्यासारखं असतं, तर अंग ओलं करत, वारा घालत सरळ दवाखाना गाठला असता.

मग विचारलं तर बारापैकी सात जणींनी सकाळपासून पाणी टाळलं होतं. ही सवय डोंगरातली नाही, वस्तीतली आहे. संडासाची रांग, रात्रीचा अंधार, म्हणून बाया संध्याकाळनंतर पाणी तोडतात. पुढे लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, थंडीताप, आणि दवाखान्यात सांगायची लाज. आम्ही दोघींनी जुनी साडी आडवी धरली, आडोसा झाला. तिथून पुढे बाटल्या रिकाम्या होऊ लागल्या.

वर पोहोचल्यावर जागेचा शोध. शिलालेखाच्या गुहेत झोपायचं नाही हे आधीच ठरलेलं. चुलीच्या धुराने अक्षरं काळी पडतात. एका कड्याखाली छान सपाटी होती, पण वर आग्या मोहोळ लटकलेलं. धूर नाही, अत्तर नाही, आवाज नाही, गुपचूप मागे फिरलो. एका वाडीत अंगण मागितलं. आधी आडनाव विचारून झालं, मग अंगण मोकळं नसल्याचं कळलं. मुलींनाही ते समजलं. कोणी काही बोललं नाही.

शेवटी उंचवट्यावरची उघडी जागा मिळाली. गवताचे झुपके, दगडांचे ढीग आणि वाळकी झाडं यांपासून लांब. मच्छरदाण्या बांधून कडा अंथरुणाखाली खोचल्या. हे घरीही करा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अशा वेळी भगत नको, ब्लेड नको, आवळून बांधणं नको. १०८ ला फोन आणि सापाच्या विषावरची लस असलेलं सरकारी रुग्णालय.

टाक्यातलं पाणी फडक्याने गाळून खळखळ उकळलं. सकाळी त्या नववीतल्या मुलीची बाटली दोनदा भरावी लागली. परतताना एसटीत मुलींनी वस्तीतल्या संडासाच्या बंद दिव्याबद्दल वॉर्ड ऑफिसला द्यायचा अर्ज लिहिला. सह्या गोळा करणं चालू आहे.