नाताळच्या आदल्या दिवशी

मैत्रिणींनो, वसईकडच्या ख्रिस्ती गावांत २४ डिसेंबर म्हणजे लग्नघरची गडबड! चर्चमध्ये झाडलोट, फुलांची सजावट, गायनमंडळाची शेवटची तालीम. तरुण मुलं गव्हाणीचा देखावा उभारण्यात गुंतलेली. तिथल्या हिरवळीसाठी आठ-दहा दिवस आधीच ताटलीत गहू नाहीतर नाचणी पेरलेली असते.

आणि घरची बाई? ती कढईपुढे!

पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) ती मराठीत होऊ लागली. शब्द न् शब्द कळू लागला. मग दिवसभर राबून आपण तिथं डुलक्याच काढायच्या का?

त्यापेक्षा असं करून पाहा. कुलकुल आणि करंज्या चार दिवस आधी चौघींनी मिळून करा. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. नारळाच्या दुधात मैदा मळला, की नव्या फणीवर कुलकुल वळायला मुलं आणि घरचे पुरुषही बसू शकतात. तळलेलं पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेनं मऊ पडतं.

२४ तारखेला फक्त ताटं भरायची. दिवाळीत शेजारून फराळ आला होता ना? आता आपली पाळी! पण गावात एखादी आजी एकटी राहत असेल, तर पहिलं ताट तिचं. आणि रात्री मिस्सेला तिला हात धरून कोण नेणार, तेही सकाळीच ठरवून टाका.